तार धरणारी

माझ्या सासूबाई तोंडानं बोलतात आणि बोटांनीही बोलतात, आणि पुष्कळदा दोन्ही एकदमच चालू असतं. तोंडानं त्या म्हणतात, "छान झालीये हो भाजी." त्याच वेळी उजव्या हाताचं बोट ताटाच्या कडेवर टकटक करत असतं, आणि ते म्हणत असतं: मीठ नाही. लेकी बोले सुने लागे ही तर जुनीच रीत. पण आमच्या घरात लेक नाही, म्हणून सासूबाईंनी ताटाला बोलायला सुरुवात केली, आणि तीही पूर्वी तारखात्यात चालणाऱ्या मोर्सच्या कट्ट-कडकट्टमध्ये. मला त्यातलं काही कळत नाही अशी त्यांची समजूत होती. मीही ती बिघडवली नाही. ज्या घरात सकाळपासून एक बाई टेबल, खिडकी, कपाट आणि नवऱ्याच्या फोटोची चौकट वाजवत हिंडते, तिथं भिंतींनासुद्धा मोर्स येतं, मी तर पदवीधर आहे.

सासूबाईंचं आयुष्य गणवेश शिवण्यात गेलं. नर्स, पहारेकरी, ड्रायव्हर, लिफ्टवाले, सगळ्यांचे कपडे जिथं शिवले जात त्या कारखान्यात त्या आधी शिवायला होत्या आणि शेवटी सगळ्या शिवणाऱ्यांवर मुकादम होत्या. रस्त्यात गणवेशातला माणूस दिसला की त्या आधी त्याची कॉलर बघतात आणि मग तोंड. एकदा चुकीच्या जागी रस्ता ओलांडला म्हणून एका पोलिसानं आम्हाला अडवलं, तर त्यांनी त्यालाच सांगितलं की तुमचा डावा खिसा वाकडा बसलाय. तो बिचारा खिशाकडे बघत राहिला आणि आम्ही पुढे निघून गेलो.

बसणं मात्र त्यांना जमत नाही. मशीनवर बसायच्या तेवढंच. निवृत्त झाल्यावर त्या जेवतात उभ्यानं, टीव्ही बघतात उभ्यानं, पाहुणे आले तर त्यांना बसवून स्वतः दारात उभ्या राहतात, त्यामुळे पाहुण्यांना वाटतं आपण कधी उठतोय याचीच ह्या वाट बघतायत. गुडघ्यांसाठी जरा बसत चला, असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा त्यांनी डॉक्टर बदलला.

या उभं राहण्याचं मूळ त्यांच्या थोरल्या भावात आहे, असं त्यांचं म्हणणं. भाऊ म्हणजे आमच्या ह्यांचे मामा. ते जहाजावर रेडिओ चालवायचे, मोर्स सासूबाईंनी त्यांच्याच जुन्या पुस्तकातून उचललेलं. पण त्याआधी, शाळेत असताना, एका मोठ्या सुट्टीत मामांनी खोक्यात रेडिओ तयार केला आणि धाकट्या बहिणीच्या हातात तांब्याची तार देऊन तिला गच्चीवर उभं केलं. "तार धर. उंच धर. हललीस तर आवाज जातो." खाली स्वतः कानाला हेडफोन लावून, डोळे मिटून बसायचे. मधेच मान डोलवायचे, मधेच हसायचेसुद्धा. बहीण वरून विचारायची, "काय येतंय रे?" "गाणं." "मला दे ना ऐकायला." "तू खाली आलीस तर तार कोण धरणार?"

  सगळी सुट्टी सासूबाई उन्हात तार धरून उभ्या राहिल्या, डोक्यावर कबुतरं बसायची तेवढी बाकी राहिली, आणि हेडफोन एकदाही कानाला लागला नाही. सुट्टी संपली, मामा पुढे शिकायला गेले, मग समुद्रावर गेले. राग मात्र घरीच राहिला. तो सासूबाईंनी चांगल्या कापडासारखा घडी करून, डांबरगोळ्या घालून जपला. भावावर जीव तर होताच, पण विषय निघाला की त्या म्हणायच्या, "जीव आहे म्हणूनच तर विचारायचंय मला त्याला एकदा. का नाही दिलंस रे?"

आणि तेच विचारायचं राहून जायची वेळ आली. मामा आता लांब, डोंगरातल्या गावी राहतात. त्यांचे कान गेले. अगदी ठार नाही, पण बोलणं कळेना. डॉक्टर म्हणाले, आवाज पोचतो पण शब्दांच्या कडा पोचत नाहीत. डोळ्यांनाही अक्षर दिसेना, म्हणजे पत्राचीही वाट बंद. फोन केला की मामा दोनदा "हो हो" म्हणायचे आणि फोन मामींच्या हातात द्यायचे.

एक दिवस मामी फोनवर रडकुंडीला येऊन म्हणाल्या, "वन्सं, माझ्याशी बोलत नाहीत हे, मुलांशी बोलत नाहीत. सकाळी त्या वायरलेसच्या पेटीशी बसतात, कानाला लावतात, तेवढंच हसतात. ती मोर्सची टूं टूं मात्र अजून ऐकू येते म्हणे. आता तर तिथं बसायचाही कंटाळा करायला लागलेत. ओळखीचं कोणी येत नाही म्हणतात त्यावर."

सासूबाईंनी फोन ठेवला आणि आमच्या ह्यांना गाठलं. मग म्हणाल्या, "त्या पेटीत यायला काय लागतं?"

आमच्या ह्यांनी सांगितलं की परवाना लागतो, त्यासाठी परीक्षा असते, मोर्स असतं, रेडिओ कसा चालतो ते तोंडी सांगावं लागतं. "आई, तुझ्या वयाला..."

"माझं वय राहू दे. दादाचे कान आहेत तोवर परीक्षा कधी आहे ते बघ."

हे कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवतात आणि चांगलं शिकवतात असं मुलं सांगतात. पण पिकतं तिथं विकत नाही. पहिल्या दिवशी ह्यांनी पाटीवर एक नागमोडी रेघ काढली आणि म्हणाले, "आई, समजा ही एक लहर आहे."

"कसली?"

"कसली नाही गं. विद्युतचुंबकीय. समजा ती अशी येतेय."

"कुठून?"

"ते सोड. आधी समज की आहे."

"मुकादम होते रे मी. कोणी म्हणालं, समजा शंभर शर्ट झालेत, तर मी आधी शर्ट मोजायचे."

तीन-चार दिवसांत दोघांच्या नाकी नऊ आले. ह्यांना लहर दाखवता येईना आणि त्यांना न बघता मानता येईना. शेवटी सासूबाईंनी पिशवी उचलली आणि मला म्हणाल्या, "चल, खरखर मास्तरांकडे जाऊ."

खरखर मास्तर म्हणजे आमच्या भागातले रेडिओ दुरुस्त करणारे. नाव त्यांच्या आवाजावरून पडलंय. वाक्य सुरू करण्याआधी ते इतका वेळ घसा साफ करतात की वाटतं, स्टेशन लागायचंय अजून. जिन्याखाली त्यांचं दुकान आहे, त्यात रेडिओ कमी आणि इस्त्र्या जास्त, कारण रेडिओ आता कोणी आणत नाही. स्वभाव म्हणाल तर उचलली जीभ लावली टाळ्याला. गिऱ्हाईक बंद पडलेली इस्त्री घेऊन येतं आणि वीज म्हणजे काय यावर भाषण ऐकून जातं. इस्त्री तिथंच राहते.

सासूबाईंचं सगळं ऐकून घेऊन ते म्हणाले, "शिकवतो. पण माझ्याकडे एक नियम आहे. आधी बिनविजेचा रेडिओ. तो स्वतः केल्याशिवाय पुढचं अक्षर सांगत नाही."

"बिनविजेचा चालतो?"

"पहिले रेडिओ तसेच होते, बाई. तार, गुंडाळी, एका खास खनिजाचा खडा आणि कानाला लावायचं. बस. सगळं उघडं. काय कुठं जातं ते बोट ठेवून दाखवता येतं. आताच्या रेडिओत सगळं नखाएवढ्या काळ्या चकतीत कोंबलेलं असतं, आत बघायला गेलं तर चकतीच फुटते."

मी मधेच म्हटलं, "पण मास्तर, इतकं जुनं शिकून आता उपयोग काय?"

माझ्याकडे त्यांनी बंद इस्त्रीकडे बघावं तसं बघितलं. "ताई, ज्यांनी आधी रेडिओ समजावून सांगितला, त्यांच्या समोर बसलेल्या माणसाला काहीसुद्धा येत नव्हतं. रेडिओच नवा होता, येणार कुठून? मग ते पहिल्या पायरीपासून सांगायचे. आता सांगणारे धरून चालतात की ऐकणाऱ्याला निम्मं येतंय. ते निम्मं कोणी शिकवायचं, ते ठरलेलंच नाही."

सासूबाईंनी तिथल्या तिथे स्टूल ओढलं आणि त्याच्यावर पिशवी ठेवून स्वतः उभ्या राहिल्या.

मग रोज दुपारी शिकवणी. मास्तर म्हणायचे, तार गच्चीवर टांगली की तिच्यावर सगळीच स्टेशनं एकदम येऊन बसतात. आपलं कोणतं ते निवडायचं काम गुंडाळीचं. कसं? झोपाळा बघा. झोपाळ्याला त्याची स्वतःची चाल असते. त्या चालीत हलका धक्का देत राहिलं की तो चढत जातो, अवेळी कितीही जोर लावा, नुसता अडखळतो. गुंडाळी आणि तिच्या जोडीच्या पत्र्याच्या चकत्या मिळून विजेचा झोपाळा होतो. गुंडाळीचे वेढे कमी-जास्त केले की झोपाळ्याची दोरी लांब-आखूड होते. ज्या स्टेशनाचे धक्के त्याच्या चालीत बसतील तेवढ्यानंच तो झुलतो, बाकीचे येतात आणि जातात.

सासूबाईंनी फिनेलच्या बाटलीवर गुंडाळी केली. एकाला एक लागून, एकही वेढा दुसऱ्यावर चढलेला नाही, अशी की मास्तर ती उजेडात धरून बघत बसले. "शिवणयंत्रावर केलीत का?" "हातानं. धाग्यापेक्षा सोपं आहे, तारेला गाठ पडत नाही."

जाता जाता त्यांनी मामांच्या लहानपणच्या रेडिओची गोष्ट मास्तरांना सांगितली. मास्तर उत्साहानं विचारायला लागले. "मग जमिनीची तार कुठं नेली होती?"

"कसली जमिनीची तार?"

"एक तार आकाशाकडे, एक जमिनीत. नळाला बांधतात."

"तसलं काही नव्हतं. मी धरलेली एकच."

"बरं. तार उघड्या हातानं धरायचात? अनवाणी? आणि खडा कुठला होता?"

"नदीकाठचा. चकचकीत होता छान."

मास्तरांनी पुष्कळ वेळ घसा साफ केला. त्यातून वाक्य काही निघालं नाही. मग ते एकदम कोणाची तरी इस्त्री उघडायला लागले. सासूबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या, मग आपल्या गुंडाळीकडे, आणि घरी अगदी सावकाश चालत आल्या. मला वाटलं गुडघे दुखतायत.

रेडिओ लागला तो दिवस मला आठवतो, कारण त्या दिवशी आमच्या इमारतीत भांडण झालं. गच्चीवर सासूबाईंनी तार बांधली आणि वरच्या मजल्यावरच्या काकूंना ती कपडे वाळत घालायला फार पसंत पडली. ओली चादर तारेवर, चादरीचं टोक लोखंडी कठड्यावर, म्हणजे आकाशातून आलेलं सगळं चादरीतून कठड्यात. सासूबाई वर जाऊन म्हणाल्या, "काकू, तुमच्या चादरीनं माझं स्टेशन पिऊन टाकलंय." काकूंना आजपर्यंत हा आरोप कोणी केला नव्हता. त्यांनी भांडून घेतलं आणि मग चादर काढली.

सासूबाई खाली आल्या, खड्यावर बारीक तारेचं टोक इकडे तिकडे टेकवत राहिल्या आणि अचानक थांबल्या. कानात एक माणूस बोलत होता. ना बॅटरी, ना वीज. मास्तर सांगायचे की स्टेशनातून निघालेलीच शक्ती, वाटेत सगळ्या गावाला पुरून उरलेली, चिमूटभर आपल्या तारेत येते आणि तीच कानातली पत्र्याची चकती हलवते. मला त्यांनी हेडफोन लावून दिला. तो माणूस कुठल्या धरणात किती पाणी आहे ते वाचत होता, सावकाश, जसं काही स्वतःच मोजून आलाय.

सासूबाईंचे डोळे भरून आले होते. पदर लावून म्हणाल्या, "एवढंच असतं होय त्यात?" आणि पुन्हा कानाला लावून धरणांची सगळी यादी ऐकली.

घोडं अडलं ते खड्यापाशी. खडा कशासाठी? मास्तर म्हणायचे, खडा म्हणजे एकाच बाजूला उघडणारं दार. विजेचे धक्के पुढे-मागे, पुढे-मागे इतक्या झपाट्यानं येतात की कानातली चकती गोंधळून जागीच थांबते. दार मागचे धक्के अडवतं, पुढचे तेवढे सोडतं, मग चकती हलते. सासूबाईंना दार कळलं, पण दारातून आवाज कसा येतो ते कळेना. ह्यांनी नवा शब्द सांगून बघितला, त्यानं आणखीच बिघडलं.

आणि काखेत कळसा, गावाला वळसा. एक दिवस माझ्या ब्लाउजला टीप मारताना त्या मशीनवरून ओरडल्या, "अगं इकडे ये, इकडे ये. दाते बघ."

सुईच्या खाली जे लहान दाते असतात, ते कापड पुढे ढकलतात. पण दाते स्वतः पुढे-मागेच करत असतात. पुढे जाताना वर येऊन कापड ढकलतात, मागे येताना खाली बुडी मारतात, म्हणून कापड मागे येत नाही. "हाच खडा," सासूबाई म्हणाल्या. "आणि टाका लहान-मोठा करायची चकती आहे ना, त्याच्यावर स्टेशनातल्या माणसाचा हात आहे असं धर. तो बोलेल तसा टाका कमी-जास्त. दाते आपले एकाच वेगानं चाललेत, पण टाक्यात त्याचा आवाज उतरला." माझ्या ब्लाउजच्या काखेत त्यांनी मला धरणाचं पाणी लहान-मोठ्या टाक्यांत शिवून दाखवलं. ब्लाउज गेला, पण रेडिओ मला त्या दिवशी कळला, हे मी कबूल करते.

ह्यांनीही दाते खाली वाकून बघितले, पुढे-मागे चाक फिरवून बघितलं, आणि म्हणाले, "आई, हे मी वर्गात सांगू?" "सांग की. पण मशीन न्यायचं नाही."

मास्तरांना मात्र तेवढ्यावर समाधान नाही. त्यांनी विचारलं, "दाखला चांगला आहे. फाटतो कुठं?" हा त्यांचा दुसरा नियम. प्रत्येक दाखला कुठंतरी फाटतो, आणि कुठं फाटतो ते सांगता आलं तरच समजलं म्हणायचं. सासूबाई दोन दिवस विचार करून म्हणाल्या, "कापड पुढे गेलं की गेलंच. कानातली चकती परत जागेवर येते." मास्तरांनी एक इस्त्री फुकट दुरुस्त करून दिली. ती आमची नव्हती, पण आनंद कुठंतरी बाहेर पडायला हवा होता.

फाटायची वेळ मास्तरांवरही आली. लहरी कशातून येतात, यावर ते सांगायचे, ईथरमधून. सगळ्या आकाशात भरलेलं, दिसत नाही असं काहीतरी. हे एकदा आईला न्यायला गेले होते, त्यांनी ते ऐकलं आणि म्हणाले, "मास्तर, ईथर नसतं. ते केव्हाच निकालात निघालंय." झालं. मास्तर म्हणाले, "मग लाट आहे आणि पाणी नाही? कशावर चालते, माझ्या डोक्यावर?" दोघं इतके भांडले की जिना उतरणारी माणसं थांबून ऐकायला लागली. सासूबाई मधे उभ्या. एकीकडे गुरू, एकीकडे पोटचा पोरगा. शेवटी त्या म्हणाल्या, "तुमचं मिटेपर्यंत माझ्या भावाचे कान जातील. घरी चला."

परीक्षेला मी बरोबर गेले. मोर्सचं काही भय नव्हतंच, ताटावर वाजवून वाजवून बोट तयार झालेलं. तोंडी परीक्षेला एक चष्मेवाले साहेब होते. दार उघडंच राहिलं होतं, म्हणून मला ऐकू आलं. साहेबांनी विचारलं, "डिटेक्टर काय करतो?" डिटेक्टर म्हणजे आपला खडाच, सासूबाईंनी तोंडानंच शिवणयंत्र सुरू केलं. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मला वाटलं आटोपलं. पण मग ते म्हणाले, "मग यात आणि रेडिओत फरक कुठं आहे?" हा तर घरचा प्रश्न. कापड आणि चकती झाली, आणि वर त्यांनी साहेबांच्या शर्टाची बाही धरून टाके दाखवले, ते मात्र विचारलेलं नव्हतं.

शेवटी साहेब म्हणाले, "लहरी कोणत्या माध्यमातून जातात?"

मी डोळे मिटले.

"माझे मास्तर म्हणतात ईथरमधून," सासूबाई म्हणाल्या. "मुलगा म्हणतो, त्यांना काहीच लागत नाही, पोकळीतूनही जातात. मुलाचं बरोबर आहे. पण एवढं माझ्या मास्तरांना कळवू नका. त्यांनी चुकीच्या आकाशातून का होईना, मला बरोबर जागी पोचवलंय."

परवाना आला. मास्तरांनी स्वतः बांधलेली पाठवायची पेटी आणून दिली, ह्यांनी हिशेब करून गच्चीवरच्या तारेची लांबी ठरवली, आणि ती दोघं ईथरचा विषय न काढता एकत्र काम करू शकतात हे मी डोळ्यांनी पाहिलं. मामींशी फोनवर सकाळची वेळ ठरली. मामी म्हणाल्या, "मी त्यांना काही सांगितलं नाहीये. सांगितलं तरी कळणार नाही. फक्त पेटीशी बसवते."

त्या सकाळी काकूंनी तारेवर ओलं ब्लँकेट टाकलं.

तार ताणलेला खांब वाकला, तार कठड्यावर लोळायला लागली. ब्लँकेट काढलं, पण खांब काही सरळ होईना आणि मामांची वेळ झाली. मग हे गच्चीवर गेले, एक लांब प्लास्टिकचा पाइप घेतला, त्याच्या टोकाला तार अडकवली आणि पाइप उंच धरून उभे राहिले. आयुष्यभर मुलांना अँटेना शिकवली, पण अँटेनाच्या खांबाची जागा त्यांना त्या दिवशी मिळाली.

सासूबाई खुर्चीवर बसल्या. बसल्या, हे लिहायला हवं. कानाला हेडफोन, बोट बटणावर. मास्तरांनी पेटीला एक छोटा भोंगाही लावला होता, त्यामुळे मला दारातून ऐकू येत होतं. मामांचं ओळखचिन्ह, म्हणजे वायरलेसवर त्यांना हाक मारायची ठरलेली अक्षरं, त्यांनी पुन्हा पुन्हा पाठवलं. नुसती खरखर. पुन्हा पाठवलं. मग त्या खरखरीतून, खूप लांबून, एक बारीक, स्वच्छ टूं टूं आली. कोण आहे, असं विचारत होती.

मोर्समध्ये आपलं बोलणं इंग्रजी अक्षरांत पाठवावं लागतं. सासूबाईंनी पाठवलं: मी. तार धरणारी.

 तेवढ्यात वरून हे ओरडले, "आई, हात भरून आले. जरा हललो तर चालेल का?"

मग आलं. एक एक अक्षर सुटं सुटं. मामांनी बहिणीचं लहानपणचं हाकेचं नाव पाठवलं. ते इथं लिहीत नाही, त्यांनी मला शपथ घातलीये.

सासूबाईंनी डोळे पुसले नाहीत, वेळ घालवला नाही. ताबडतोब पाठवलं: का नाही दिलंस रे ऐकायला?

पुन्हा खरखर. मग: त्यात काही येत नव्हतं. कधीच नाही आलं. तू एवढी उन्हात उभी. सांगायची लाज वाटली.

 मास्तरांनी घसा का साफ केला होता ते मला आत्ता कळलं. जमिनीची तार नाही, नदीवरचा दगड, उघड्या हातात तार, म्हणजे आलेलं सगळं अंगातून पायाखाली. आडातच नव्हतं, पोहऱ्यात कुठून येणार? मी सासूबाईंकडे बघितलं. त्यांना धक्का बसला असेल म्हणून पुढे झाले, तर त्या हसत होत्या. पाठवत होत्या: माहीत आहे. मास्तरांकडे कळलं. तुझ्याकडून ऐकायचं होतं.

मामा म्हणाले: म्हणूनच शिकायला गेलो. खरा करून तुला द्यायचा होता. मग समुद्रावर गेलो, राहिलं.

सासूबाईंचं बोट बटणावर थांबलं. काय पाठवू, अशा नजरेनं त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी शेजारच्या टेबलावर बोटानं वाजवलं: मीठ कमी आहे म्हणा. त्यांनी डोळे मोठे केले. इतक्या दिवसांच्या सगळ्या भाज्या त्यांच्या चेहऱ्यावरून सरकत गेलेल्या मी बघितल्या. त्या तोंड उघडणार तेवढ्यात भोंग्यातून पुन्हा टूं टूं सुरू झाली, आता अक्षरं सलग, जहाजावरच्या जुन्या माणसाच्या हाताची.

आता येतंय, मामा म्हणत होते. छान येतंय. हलू नकोस.

आणि आमच्या लग्नापासून मी ज्यांना कधी खुर्चीत धड बसलेलं पाहिलं नाही, त्या माझ्या सासूबाई दोन्ही हात मांडीवर ठेवून, कानाला हेडफोन लावून, जराही न हलता बसून राहिल्या.